अकरा फ्लॉप्या

म्हसळ्याच्या एसटी स्टँडमागच्या गाळ्यात क्रांती जाधव भरतकामाचं मशीन चालवायची. शाळांचे बिल्ले, बँडवाल्यांचे कोट, क्रिकेटच्या टीमांचे टी-शर्ट, सगळं तिच्याकडे यायचं. मशीन जुनं, जपानी आणि हट्टी. डिझाइन त्याला फ्लॉपीतूनच भरवावं लागे. जगाने फ्लॉपी कधीच टाकून दिली होती, पण क्रांतीचं पोट अजून त्या चौकोनी डिस्कवरच चाललं होतं. अशा तेरा फ्लॉप्या तिने नंबर घालून निळ्या डब्यात ठेवल्या होत्या. जुना कॉम्प्युटर बंद पडल्यापासून तिची डिझाइनं दुसरीकडे कुठेच नव्हती.

दिवाळीनंतरच्या सामन्यांचे टी-शर्ट करायला घेतले तेव्हा तिने चार नंबरची फ्लॉपी लॅपटॉपच्या बाहेरच्या ड्राइव्हमध्ये घातली. शिडाच्या नावेचं चित्र उघडलं, खालचं टीमचं नाव बदललं आणि सेव्ह करायला गेली. या डिस्कवर लिहिता येत नाही, असं लॅपटॉपने सांगितलं. तिने फ्लॉपी काढून पाहिली. कोपऱ्यातली काळी खिट्टी सरकवलेली होती. खिट्टी अशी सरकवली की फ्लॉपीवर नुसतं वाचता येतं, लिहिता येत नाही. क्रांतीने तर तिला हात लावला नव्हता.

"कोकिळा, ही खिट्टी कोणी सरकवली?"

कोकिळा सहा वर्षं तिच्याकडे कामाला होती. आतल्या गावातल्या शेतकऱ्याची बायको, हात सोन्याचा. तिने मान वर न करता दोरा ओवला. "मीच, ताई. चुकून पुसायला नको म्हनून."

उत्तर सरळ होतं. पण क्रांतीला ते टोचलं, कारण आठवड्यापूर्वी ती श्रीवर्धनला गेली होती. तिथे सुजित नावाच्या पोराने नवं भरतकामाचं दुकान थाटलं होतं आणि त्याच्या काचेत लटकलेल्या टी-शर्टवर हुबेहूब हीच नाव होती. शिडावर तसेच सात पट्टे. तिने विचारलं तेव्हा सुजित हसला होता. "नाव ती नावच, ताई. समुद्रावर काय एकच हाय?"

तिने खिट्टी परत सरकवली आणि पुन्हा सेव्ह केलं. या वेळी ड्राइव्ह कर्रकर्र वाजला आणि फ्लॉपी उघडेनाशीच झाली. सकाळपर्यंत ठीक असलेली वस्तू अशी अचानक कशी मरते?

त्या दिवसापासून क्रांतीची नजर बदलली. कोकिळा फोन उपडा का ठेवते? हिची पिशवी पूर्वी एवढी मोठी होती का? एका संध्याकाळी क्रांतीने निळ्या डब्याच्या झाकणावर लाल दोऱ्याचा तुकडा ठेवला आणि तशीच घरी गेली. गाळ्याची दुसरी चावी कोकिळाकडे असायची. सकाळी क्रांती पोचली तेव्हा कोकिळा आधीच आली होती आणि दोरा फरशीवर पडला होता. क्रांतीने फ्लॉप्या मोजल्या. अकराच. सात आणि बारा नंबरच्या गायब.

तिने डबा बंद करून जागेवर ठेवला. दुपारी कोकिळा जेवायला मागच्या ओट्यावर गेली तशी तिने शटर अर्धं ओढलं. हिने काय काय पुसलंय ते एकदाचं बघू, म्हणत ती लॅपटॉपपुढे बसली. आधी चार नंबरची घातली. कर्र. मग एक नंबरची. तिच्यातली यादी क्षणभर दिसली आणि गोठली. दोन नंबरची उघडलीच नाही. तीनचं तेच. तरी ती एकामागून एक घालत गेली. अकराच्या अकरा गेलेल्या.

कोकिळा हात पुसत आत आली.

"सात आणि बारा कुठे आहेत?" क्रांतीने विचारलं.

"माझ्या घरी. डब्यातल्या फ्लॉप्यांवर पांढरं पांढरं दिसलं, ताई. इथं भिंतीला ओल हाय. म्हनून काल तुमी गेल्यावर दोन नेल्या नि तांदळाच्या पिंपात ठेवल्या. कोरड्या झाल्या की बाकीच्या नेनार होते."

"मला न विचारता? आणि बाकीच्या पुसून टाकल्यास? सुजितने किती दिले तुला?"

कोकिळाने कमरेची चावी सोडून मशीनवर ठेवली. "सहा वर्सं झाली, ताई," एवढंच म्हणाली आणि चप्पल घालून स्टँडकडे चालू लागली.

दोन दिवसांनी अलिबागहून प्रफुल्ल आला. जुनी मशीनं दुरुस्त करणारा माणूस, आगरदांड्याहून बोटीत मोटरसायकल घालून आलेला. त्याने एका फ्लॉपीचं पत्र्याचं झाकण बोटाने सरकवलं आणि ती उजेडात धरली. आतल्या काळ्या चकतीवर बुरशीचे पांढरे ठिपके होते आणि त्यांच्यामधून गोल ओरखडा गेला होता. मग त्याने ड्राइव्ह उघडला आणि स्पिरिटमध्ये भिजवलेला कापूस आत फिरवला. कापूस तपकिरी झाला.

"बुरशी आलेली एखादी फ्लॉपी आत गेली असणार, ताई. घाण या वाचणाऱ्या हेडला चिकटली. त्यानंतर जी घालाल ती खरवडून निघणार. पहिली बिघडली तिथेच थांबायला हवं होतं. नंतर किती घातल्या?"

"सगळ्या," क्रांती म्हणाली.

"म्हणजे चांगल्यासुद्धा?"

कोणी काही पुसलं नव्हतं. चोर पकडायला बसून तिनेच आपल्या हाताने अकरा फ्लॉप्या मारल्या होत्या.

संध्याकाळच्या गाडीने ती कोकिळाच्या गावी गेली. कोकिळाने तिला बस म्हटलं, पाणी दिलं, आणि पिंपात कोपरापर्यंत हात घालून कापडात गुंडाळलेल्या दोन फ्लॉप्या काढून दिल्या. क्रांतीने "चुकलं माझं" म्हटलं. कोकिळा तांदूळ झटकत राहिली. "कामावर यायचं का न्हाय, ते माझं मी बघेन," ती म्हणाली.

प्रफुल्लने पुढच्या खेपेला दुसरा ड्राइव्ह आणला आणि त्या दोन फ्लॉप्या साफ करून वाचवल्या. बाकीची डिझाइनं जुन्या टी-शर्टांवरून नव्याने काढून घ्यावी लागली. नावेचंसुद्धा. सुजितकडे ती कुठून आली, हे क्रांतीला कधीच कळलं नाही. टी-शर्ट तर गावोगाव फिरत होते, कोणीही फोटो काढावा. हे तिला पटत होतं, तरी श्रीवर्धनची गाडी दिसली की मनात काहीतरी हलायचंच.

आठ दिवसांनी कोकिळा आली. पदर खोचून कामाला लागली, दोरे लावले, कापड ताणून बसवलं. क्रांतीने दुसरी चावी पुढे केली. कोकिळाने ती घेतली नाही.

"सात नंबरची लागेल," ती म्हणाली. निळा डबा तिच्या हाताशी, वीतभर अंतरावर होता. "तुमीच काढून द्या, ताई."