हारुओचे पहिले रांजण

जपानमधल्या शिगाराकी या कुंभारांच्या गावात आमच्या वडिलांची भट्टी गुळगुळीत कुंड्यांसाठी नावाजलेली. ते गेल्यावर ती माझ्याकडे आली. धाकट्या हारुओने मात्र मागच्या टेकडीत स्वतःची लाकडाची भट्टी खणली. सहा दिवस पाइनची लाकडं जाळून त्याने पहिले अकरा रांजण काढले. वाकडे, खडबडीत, अंगावर राख वितळून ओघळलेली.

"वडिलांच्या नावाला काळिमा फासलास," मी म्हणालो.

"दादा, एकदा नीट बघ तरी!"

त्याच्यासमोर मी बघितलं नाही. त्या भट्टीत त्याचा हात भाजला होता. तो दवाखान्यात असताना मी हातोडा घेतला. परतल्यावर त्याला सांगितलं, "रांजणांखालची फळी मोडली. सगळे फुटले."

पुढे हारुओने गुळगुळीत, निर्दोष भांडी करून मोठं नाव कमावलं. चाळीस वर्षांनी संग्रहालयाच्या ओकुयामाबाई त्याच्या प्रदर्शनासाठी माझ्याकडे आल्या. "त्यांचं सुरुवातीचं काम कुणीच पाहिलेलं नाही. एखादं तरी असेल ना?"

मी नाही म्हणणार, तोच माझी बायको किनुए आतून खारवलेल्या फळांचा रांजण घेऊन आली. "हा मी तेव्हाच लपवला होता. हे हातोडा शोधत होते ना, तेव्हा."

ओकुयामाबाईंनी नजर वळवली.

किनुएने रांजण धुऊन उन्हात ठेवला. खांद्यावर राखेची हिरवी काच झालेली, तिचे ओघळ पोटावर येऊन थबकलेले. ज्वाळेकडची बाजू तांबूस, मागची फिकट. इतकी वर्षं त्यातली फळं खाल्ली, पण तो नीट पाहिला त्या दिवशी. असा रांजण मला जन्मात जमला नसता. हे मला तेव्हाही ठाऊक होतं, म्हणूनच तर हातोडा उचलला.

तो घेऊन मी हारुओकडे गेलो आणि सगळं सांगून टाकलं.

"फळी मीच ठोकली होती, दादा," तो म्हणाला. "ती मोडणारी नव्हती. मला तेव्हाच कळलं."

"मग बोलला का नाहीस?"

"वाटलं, दादा हातोडा उचलतो म्हणजे भांडी खरंच वाईट असणार. म्हणून तसली पुन्हा केलीच नाहीत."

"आता कर ना, हारुओ."

"आता हात ऐकत नाहीत."

प्रदर्शनात सगळी गर्दी त्या एका रांजणाभोवतीच होती. मी दारातूनच परत फिरलो.