सर्जाची झूल

गोदामाला जमीन दिली आणि त्या पैशातून माझ्या नवऱ्यानं, मनोजनं, दोन सीटांची लाल स्पोर्ट्स कार आणली. सासरे पहिल्याच दिवशी म्हणाले, "दोघांनीच बसायचं? मग घरातली बाकीची मानसं काय मागून धावतील?" तेव्हापासून त्यांनी तिच्यात पाऊल ठेवलं नाही.

परवा अंबाडीच्या रस्त्यावर खड्ड्यात गाडीचं चेंबर फुटलं. ऑइल सांडत होतं, तरी मनोजनं ती टेमघरला घरापर्यंत तशीच दामटली. इंजिन जाम झालं. मेकॅनिक म्हणाला, साध्या गाडीचं इंजिन बसवा, नाहीतर भंगारात काढा.

"साधं इंजिन? हिला?" मनोज माझ्यावरच ओरडला, जणू मीच सुचवलं होतं. त्याला जेवण जाईना. शेवटी मीही भडकले. "दे भंगारात! लोखंडाचं कसलं सुतक पाळतोयस?"

सासरे पडवीतून गरजले, "विनिता, गप ऱ्हा! सर्जा लंगडा झाला, तवा मी त्याला बाजारात नेला काय?"

सर्जा त्यांचा शर्यतीचा बैल. तो मरेपर्यंत आमच्याच गोठ्यात होता.

सकाळी उठून बघते तर गाडी अंगणात नाही. शिफ्ट सुटलेल्या पॉवरलूम कामगारांना हाताशी धरून सासऱ्यांनी ती ढकलत गोठ्यात नेली होती, सर्जाच्या जागेवर. बोनेटवर सर्जाची जरीची झूल. त्या झुलीला त्यांनी मला कधी हातसुद्धा लावू दिला नव्हता.

आणि गाडीत सासरे बसलेले.

"मनोज," त्यांनी हाक मारली, "ये, बाजूला बस."