बेसिल सरांचा लहान राहणारा साप

बेसिल सर दुकानात शिरले तेव्हा माझ्या हातात मेलेला उंदीर होता. नाहीतर तिथल्या तिथे काहीतरी फेकून मारलं असतं.

बहरीनमध्ये मुहर्रकला जैनुद्दीनभाईंचं पाळीव प्राण्यांचं दुकान आहे, तिथे मी कामाला. त्याआधी पाच वर्षं एका हॉटेलात हाउसकीपिंगला होते आणि हा बेसिल, वसईचा, आमचा मॅनेजर. कणकवलीहून भावाचा फोन आला, आईचं काही खरं नाही, सारखी दाराकडे बघते, तुझं नाव घेते. मी रजेचा अर्ज दिला. एकदा नाही, तीनदा. तिन्ही वेळा या माणसाने मान वर न करता एकच सांगितलं, "रिप्लेसमेंट आण, मग जा." अरे मेल्या, शिफ्टला बदली बाई मी कुठून आणू? झाडाला लागतात काय? सोळा नोव्हेंबरला आई गेली. तिला अग्नी देताना मी मोबाइलवर बघितलं, लिननच्या खोलीत, चादरींच्या ढिगाआड. रडायलाही मिळालं नाही, बारा खोल्या व्हायच्या होत्या. काँट्रॅक्ट संपलं तशी व्हिसा बदलून इकडे आले. राग मात्र बरोबर आणला.

आणि तीन वर्षांनी तोच माणूस आठ वर्षांच्या लेकीचा हात धरून माझ्यासमोर. मला ओळखलंसुद्धा नाही! तीस बायकांतली एक, युनिफॉर्म काढला की खलास.

"बाई, मराठी ना तुम्ही?" काय तो गोड आवाज. "आमच्या नताशाला साप पाहिजे. बोआ. पण लहानच राहणारा हवा हं, फ्लॅटमध्ये मावेल असा."

"स्मॉल अँड क्यूट," नताशा म्हणाली.

खोटं कशाला बोलू, माझा हात सवयीने बरोबर पेटीकडेच गेला. केनियाचा सँड बोआ, नर. हातभरसुद्धा होत नाही. वाळूत स्वतःला पुरून घेऊन पडून राहतो, आठ-दहा दिवसांनी एक लहानसा उंदीर दिला की झालं. मी तो उचलून दाखवला तर बेसिल दोन पावलं मागे.

"अहो, हे तर मांडूळ! दोन तोंडांचं! आपल्याकडे याच्यापायी लोक आत जातात, पोलीस केस होते. नको रे बाबा."

मांडुळाला दोन तोंडं नसतात, शेपूट बोथट असतं इतकंच. आणि हा तर आफ्रिकेतला, पिंजऱ्यात जन्मलेला, कागदपत्रांसकट आलेला. हे सांगायला मला एक मिनिट पुरलं असतं. मी तोंड मिटून घेतलं. एखादा स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतोय तर आपण कशाला आडवं जायचं?

शेजारच्या काचेत लाल शेपटीच्या बोआचं पिल्लू होतं. मादी, दीड फुटाची, देखणी.

"ही किती वाढेल?"

"टाकीएवढी," मी म्हटलं. "टाकी लहान ठेवा, लहानच राहते."

साफ खोटं. ही जात सात-आठ फूट होते, टाकी कसलीही असो. जैनुद्दीनभाई नमाजाला गेले होते म्हणून, नाहीतर त्यांनी मला तिथेच झापलं असतं. नताशाने सापाचं नाव ठेवलं पीनट. त्या दिवशी माझ्या खोलीवर येऊन मी पोटभर जेवले.

मग चार वर्षं मजा बघितली. आधी छोटे उंदीर न्यायचा, मग मोठे, मग घुशीएवढे. दुसरी टाकी घेतली, मग कपाटाएवढी तिसरी. बायकोचं ड्रेसिंग टेबल बाहेर गेलं म्हणे.

"बाई, तुम्ही तर म्हणाला होतात लहान राहते..."

"तुम्हीच टाकी मोठी केलीत ना, सर!"

गेल्या ऑगस्टमध्ये, दुपारी तीनला, तो भलामोठा प्लास्टिकचा टब घेऊन आला. घामाने निथळत. मागे नताशा, रडून लाल. वसईला त्याची आई शेवटच्या घटका मोजत होती, नातीचं नाव घेत होती. साडेपाचचं विमान. पीनटला घरी ठेवावं तर एसी आठवड्यात दोनदा बंद पडलेला, फ्लॅटची भट्टी होऊन ती मेली असती. लहान साप असता तर शेजाऱ्यांनी डबा टेबलावर ठेवून घेतला असता. सात फुटी बघून सगळ्यांनी दारं लावली. आणि तिला कुणाकडे सोपवल्याशिवाय नताशा विमानात चढायला तयार नव्हती.

"पंधरा दिवस ठेवून घ्या, बाई. प्लीज."

"मथुरा से पूछो," जैनुद्दीनभाई माझ्याकडे बोट करून म्हणाले. "साँप उसका डिपार्टमेंट."

सात वर्षं दाताखाली धरलेलं बाहेर पडलं. "रिप्लेसमेंट आणा, मग जा."

आधी त्याला कळलं नाही. मग त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं, आयुष्यात पहिल्यांदा. चेहरा पांढराफटक पडला.

"मथुरा... हाउसकीपिंग?"

"तीन अर्ज, सर."

तो मांजरांच्या वाळूच्या गोणीवर बसला. "तेव्हा मला वरून प्रेशर होतं..."

"ते माझ्या आईला सांगा."

सुडाने समाधान मिळत नाही म्हणतात. कोण म्हणतं? मला मिळत होतं. भिंतीवरच्या घड्याळात तीन वीस झाले, पंचवीस झाले. विमानतळ इथून दहा मिनिटांवर. मला फक्त काही न करता उभं राहायचं होतं. त्यानेही तेवढंच केलं होतं.

नताशाने माझी बाही ओढली. या पोरीला मराठी कळतं, पण चार वर्षांत माझ्याशी एक शब्द मराठीत बोलली नव्हती.

"आंटी, ग्रॅनी वाट बघते."

मेली! तेवढंच बोलायचं होतं तिला.

मी बिलबुक बेसिलपुढे टाकलं. "अर्ज लिहा. आई आजारी आहे, रजा मिळावी. तीनदा लिहा."

त्याने लिहिलं. तिन्ही वेळा पुरतं लिहिलं. पहिले दोन कागद मी न वाचता बाजूला ठेवले. तिसऱ्यावर मोठ्या अक्षरात 'मंजूर' लिहिलं, सही केली, खाली तारीख घातली. सोळा नोव्हेंबर.

"बट इट्स ऑगस्ट," नताशा म्हणाली.

बेसिलने तिचा हात दाबला. कागदाची घडी केली, वरच्या खिशात ठेवली.

"यल्ला, पळा आता," मी म्हटलं. "चेक-इन बंद होईल."

ते गेल्यावर मी पीनटला मोठ्या टाकीत सोडलं, दिवा लावला, पाणी ठेवलं. आणि लिननच्या खोलीत रडायचं राहून गेलं होतं, ते तिथेच टाकीला टेकून रडून घेतलं.