केसाळ बोक्याला स्वेटर

मी एक म्हातारा, लांब केसांचा बोका आहे आणि मला थंडी वाजत नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण एवढं साधं माणसांना कळलं नाही म्हणून मी मरता मरता वाचलो.

मित्रांनो, मी दौंडच्या रेल्वे कॉलनीत राहतो. माझी आई पर्शियन होती म्हणतात. बाप कोण ते कुणी सांगत नाही आणि मीही विचारत नाही. माझा मालक ब्लेसन रेल्वेत आहे. त्याने मला पिल्लू असताना पुण्याहून पिशवीत घालून आणलं आणि नाव ठेवलं सम्राट. पहिला महिना कॉलनीतली माणसं माझे फोटो काढायला यायची. मग माझे केस गळायला लागले. चहात केस, युनिफॉर्मवर केस. सम्राटाचा 'ए, सरक' झाला. माणसांचं कौतुक असं असतं.

आता माझ्या केसांची बढाई मारतो. खरी आहे, म्हणून मारतो. वरचे केस लांब आणि त्यांच्याखाली कापसासारखी दाट, बारीक लव. त्यात हवा अडकून राहते आणि ती माझ्या अंगाची ऊब बाहेर जाऊ देत नाही. पंजाच्या बोटांमध्येसुद्धा केस आहेत, गार फरशी मला लागत नाही. कानांत केस. शेपूट तर अशी की गोल होऊन झोपताना नाकावर घेतली की पांघरूण झालं. डिसेंबरात भीमेवरून वारा सुटतो. पहाटेच्या गाडीला निघालेली माणसं कानटोप्या घालून कुडकुडतात, आखूड केसांची मांजरं बंबाच्या राखेला चिकटून बसतात. मी उघड्या कंपाउंडवर बसून त्यांची गंमत बघतो. अंग फुगवलं की दुप्पट दिसतो. असलं अंग कुठल्या दुकानात मिळत नाही.

पण माणसांना एक खोड आहे. स्वतःला थंडी वाजली की सगळ्या जगाला वाजते असं त्यांना वाटतं. ब्लेसनची आई कृपाबाई तसलीच. नाताळ आला की घरातली प्रत्येक वस्तू धुऊन काढायची, हा तिचा नेम. गेल्या नाताळाआधी पडदे धुतले, चादरी धुतल्या, पायपुसणी धुतली आणि शेवटी मला धुतलं. अंग पुरतं वाळायच्या आत तिने ब्लेसनच्या जुन्या स्वेटरची बाही कापली, पायांसाठी दोन भोकं पाडली आणि मला तिच्यात कोंबलं. म्हातारा झालाय, गारठंल, म्हणाली. तिची माया खोटी नव्हती. म्हणून तर मी ओरबाडलं नाही.

बाहीखाली माझे ओले केस चेपले. हवा गेली. चाटून वाळवायचीही सोय नाही. केसांचे गोळे झाले, कातडी ओढायला लागली आणि जन्मात पहिल्यांदा मला हुडहुडी भरली. मी खाणं सोडलं, कॉटखाली पडून राहिलो. कृपाबाईने वरून टॉवेल गुंडाळला. मी आणखी गार झालो.

ब्लेसन आधीच चिडलेला, कारण करंजीच्या सारणात माझा केस निघाला होता. त्याने ठरवूनच टाकलं की दुखणं केसांचंच आहे.

"रविवारी मशीन मारून सगळे काढून टाकतो. कटकटच जाईल."

ऐन डिसेंबरात मला उघडा करणार होता हा शहाणा. मित्रांनो, त्या अवस्थेत मी जगलो असतो असं मला वाटत नाही.

शनिवारी गादीवाला शेखलाल टेम्पो घेऊन आला. कापूस पिंजायचं मशीन टेम्पोतच असतं. कृपाबाई दर हिवाळ्यात त्याच्याकडूनच रजई पिंजून घेते. तो उतरायच्या आत तिने भांडण काढलं.

"आरं, ही रजई हाय का फळी? अंगावर घिऊन ऊब न्हाई."

"मावशी, फळी तुम्हीच केली. वर्षभर हिच्यावर ट्रंक ठेवता, व्हय का न्हाई?"

"मग कुठं ठिवू, तुझ्या डोक्यावर?"

तो हसला आणि त्याने रजई उसवली. आतून कापसाचे कडक गठ्ठे निघाले. ते मशीनमधून गेले आणि त्याच कापसाचा कमरेएवढा ढीग झाला. कृपाबाईने त्यात कोपरापर्यंत हात घातला. हात तसाच ठेवून ती दारातून कॉटखाली माझ्याकडे बघत राहिली. मग तडक आत आली, मला ओढून काढलं आणि बाहीखाली बोटं घातली.

"येशू रे," ती हळूच म्हणाली. "ह्याचीबी फळीच केली की मी."

तिने कात्री घेतली आणि बाही कापली. मग उन्हात बसून स्वतःच्या कंगव्याने माझा एकेक गुंता सोडवला. दुखलं तेव्हा मी चावलो. तिने एक चापट दिली आणि पुढचा गुंता धरला. संध्याकाळी ब्लेसन केस कापायचं मशीन घेऊन आला. तिने मान वर केली नाही.

"लावायचंच आसंल तर आधी तुझ्या मिशीला लाव."

नाताळाच्या सकाळी हाडं गोठवणारा गारठा होता. चर्चला निघालेली कृपाबाई दारात थांबली आणि तिने आपली गारठलेली बोटं माझ्या पोटाच्या केसांत खुपसली. ब्लेसन बाहेरून हाका मारत होता. तिने दुसराही हात घातला.

मित्रांनो, तुमच्या थंडीने आमची थंडी मोजू नका. आम्हाला कपडे नकोत. केस कोरडे ठेवा, रोज कंगवा फिरवा आणि दार उघडं ठेवा. आत कधी यायचं ते आमचं आम्ही ठरवू. एवढंही होत नसेल तर केसाळ मांजर आणू नका. खेळण्यातलं आणा. ते थंडीने मरत नाही.