वजनकाट्याला खुर्चीचा हेवा

मी एक जुना वजनकाटा आहे, मित्रांनो, आणि मी एका लाकडी खुर्चीवर जळतो. हे आधीच सांगून टाकलं. आता माझ्यावर किती विश्वास ठेवायचा ते तुम्ही ठरवा.

जन्म कारखान्यातला. पोटात स्प्रिंग, तोंडावर काच. एक कामगार माझ्यावर उभा राहिला आणि म्हणाला, "खरं बोलतोय." तेवढं एक कौतुक मी बरीच वर्षं पुरवलं.

कारखाना ते घर हा प्रवास गाळतो. मी खोक्यात होतो.

या घरातल्या आजींनी जन्मभर शिलाईकाम केलं. अंगाने स्थूल. डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं, तेव्हा दर रविवारी त्या माझ्यावर चढू लागल्या. काटा खाली दिसावा म्हणून शनिवारी संध्याकाळी जेवायच्याच नाहीत. एरवीही अंडं, दही, मासा, सगळं नातीच्या ताटात. "मला दोन काकड्या पुरे!"

सून टाळ्या वाजवायची. "आई, सहा किलो गेले!"

मी फुगून जायचो.

आणि एका रविवारी आजी खुर्चीतून उठेनात. हात टेकले, जोर लावला, धपकन परत बसल्या. "खुर्चीच मेली खोल आहे," म्हणाल्या. हसल्या.

व्यायाम शिकवणाऱ्या बाई आल्या. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही! आजींचा दंड चाचपून म्हणाल्या, "मावशी, चरबीबरोबर स्नायूही गेलेत. उपाशी राहणं बंद. तिन्ही वेळच्या जेवणात प्रथिनं हवीत. आणि या खुर्चीतून रोज दहा वेळा ऊठबस."

"या वयात शाळेतली शिक्षा?"

"उद्या कुणी हात धरून उठवायला हवं, की आपलं आपण उठायचंय?"

आजी पदर खोचून खुर्चीच्या कडेला सरकल्या.

तेव्हापासून खुर्चीचा काय तो थाट! नात मोजणार, सून अंडं सोलून हातात देणार. मी न्हाणीघरात धूळ खात. मनात म्हटलं, वाढू दे वजन, मग येतील शरण. लाज वाटते. पण म्हटलं.

तीन महिन्यांनी आजी हात छातीशी घेऊन उठल्या. पुन्हा बसल्या. पुन्हा उठल्या.

"अगं, मोज ना! बघत काय बसलीस?"

मग माझी आठवण झाली. सून वाकून बघत म्हणाली, "अर्धाच किलो उतरलंय, आई."

"असू दे. संडासातून मी एकटी उठते आता."

मित्रांनो, मी कधी खोटं बोललो नाही. पण गेली ती चरबी की ताकद, हे मला कळायचंच नाही. तुमच्या घरातलं वयस्कर माणूस माझ्यावर उभं राहून टाळ्यांची वाट बघत असेल, तर आधी त्याच्या ताटात डोकावा.

आणि फडकं हातात घ्याल, तेव्हा आधी मला पुसा. खुर्चीला नंतर.