झाकण न घातलेली डिश

नाशकातल्या एका कॉलेजच्या लॅबमध्ये मी बावीस वर्षं असिस्टंट आहे. लोक इथे पीएचडी करायला येतात, मी त्यांचं काचसामान धुते. त्यामुळे कुणाला किती येतं हे त्यांच्या सरांआधी मला कळतं. मनालीला चांगलं येत होतं.

पेशीच्या आतली पटलं, म्हणजे मेदाचे पातळ पडदे, सपाट नसतात. कुठे नळी, कुठे पिशवी. त्यांना वाकवायचं काम काही प्रथिनं करतात, पटलाला चिकटून. मनालीकडे असंच एक प्रथिन होतं. मेदाचे सूक्ष्म फुगे करायचे, त्यात ते हिरवं चमकणारं प्रथिन घालायचं आणि अर्धा तास थांबायचं. सूक्ष्मदर्शकाखाली फुग्यांना नळ्या फुटलेल्या दिसायच्या. प्रथिनाशिवायचे फुगे गोलच राहायचे. सहा वर्षांचा प्रबंध एवढ्यावर उभा होता आणि तो सोमवारी द्यायचा होता. तिचे वडील एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातून रिटायर झालेले. त्यांनी कॉलनीभर आधीच सांगून टाकलं होतं.

आमच्याकडे एक रीत आहे. एक वाजला की हातातलं ठेवून सगळ्यांनी एकत्र डबा खायचा. रीत माझीच, उपाशीपोटी विज्ञान करणाऱ्यांचा मला राग येतो. मनाली प्रथिनाशिवायची डिश सकाळीच, लावल्या लावल्या बघून टाकायची आणि प्रथिन घातलेली डब्याआधी ठेवून यायची. अर्धा तास आपोआप व्हायचा. गप्पा रंगल्या तर तासही.

गुरुवारी सकाळी लाइट नव्हती. म्हणून त्या दिवशी प्रथिनाशिवायची डिशही डब्याच्या वेळेत टेबलावर राहिली, नेहमीसारखी उघडी. जेवण झाल्यावर मनाली हात धुवायला गेली आणि मी सहज डोळा लावला. प्रथिन नव्हतं, तरी नळ्या होत्या.

उघड्या डिशमधलं पाणी उडतं, बाहेरचं द्रावण घट्ट होतं, ते फुग्यातलं पाणी ओढून घेतं, आणि सैल पडलेल्या फुग्याला आपसूक नळ्या फुटतात. बावीस वर्षांत एवढं कानावर पडतंच. ती डिश सिंकमध्ये ओतायला दोन सेकंद लागले असते. कुणी विचारलंही नसतं, माझं कामच ते. मी हात पुढे केला होता, खोटं कशाला बोलू? मग तिला हाक मारली.

तिने बराच वेळ बघितलं. नंतर दोन नव्या डिश लावल्या, झाकणं घातली आणि घड्याळ लावून बसली. प्रथिन फुग्यांभोवती हिरव्या कड्यासारखं बसलं, फुगे मात्र गोल. शुक्रवारी तिने तेच तीनदा केलं, शनिवारी चारदा. एखादी तरी नळी निघू दे, असं मला दर वेळी वाटायचं. मेलं नुसतं चिकटायचं.

"ताई, तुम्ही बोलला नसतात तर?" शनिवारी संध्याकाळी तिने विचारलं.

"तर तू डॉक्टर झाली असतीस."

तिने मान हलवली आणि सोमवारी प्रबंध देत नसल्याचा मेल सरांना पाठवला. मग माझ्यासमोरच वडिलांना फोन लावला. प्रयोगात चूक निघाली, अजून वर्ष-दोन वर्षं लागतील, असं शांतपणे सांगितलं. चूक कुणाची, असं त्यांनी विचारलं असावं.

"माझीच, पप्पा," ती म्हणाली. एक वाजता डब्याला उठायची रीत माझी, पण माझ्याकडे तिने बघितलंसुद्धा नाही.