चिठ्ठी काटकोनबाईंची, वैताग माझा

मित्रांनो, मी शाळेच्या चॅपलबाहेर ठेवलेली एक जुनी प्रार्थनापेटी आहे. लाकडाची, हातभर उंचीची, वर चिठ्ठी टाकायला फट आणि पुढे पितळी कुलूप. वय साठीच्या पुढे. या वयात शांत व्हावं म्हणतात. मी मात्र हल्ली फार वैतागते, आणि का वैतागते ते आज सांगितल्याशिवाय राहणार नाही.

माझा जन्म सुतारकामाच्या वर्गात झाला. तेव्हाच्या पाळकसाहेबांच्या लक्षात आलं, की मुलं मोठ्यानं प्रार्थना करायला लाजतात. मग त्यांनी ती लिहून द्यावी, असं ठरलं. सुतारकामाच्या सरांनी चॅपलचे बाक करून उरलेल्या फळ्या घेतल्या, तीन दिवस रंधा मारला आणि मला घडवलं. फट त्यांनी जरा जास्तच रुंद ठेवली. त्यामुळे प्रार्थनांबरोबर माझ्या पोटात आजवर खोडरबर, पेन्सिलींचे तुकडे, अर्धं बिस्किट आणि एकदा पडलेला दुधाचा दातही आला. दातासोबत चिठ्ठी नव्हती. देवानं काय ते समजून घ्यावं, असा सगळा मामला!

दर सोमवारी सकाळी सगळी शाळा चॅपलमध्ये जमते. गीत होतं. मग पाळकसाहेब किल्ली लावून मला उघडतात, एकेक चिठ्ठी वाचतात आणि प्रत्येकीनंतर चारशे गळे 'आमेन' म्हणतात. पहिल्या दिवसापासून एक नियम आहे. चिठ्ठी कुणाची हे विचारायचं नाही, आणि अक्षर ओळखू आलं तरी गप्प बसायचं. नियम चांगला आहे, त्याच्याच भरवशावर मुलं मन मोकळं करतात. पण चांगल्या नियमाचाही माणसं कसा विचका करतात, ते मी पाहिलं आहे.

सुरुवातीला माझं काय कौतुक होतं! दर शनिवारी पॉलिश व्हायचं. पाहुणे आले की मला मुद्दाम दाखवायचे. परीक्षेच्या आधी तर मी इतकी भरायची, की चिठ्ठ्या फटीतून डोकं बाहेर काढायच्या. 'भूमितीचा पेपर सोपा जाऊ दे.' 'सोपा नसेल तर बाई आजारी पडू देत, पण थोड्याच.' असल्या मागण्यांनी माझी हसून हसून पुरेवाट व्हायची. पुढे पॉलिश थांबलं. कुणी माझ्यावर छत्री ठेवू लागलं, कुणी ओल्या मोज्यांची जोडी. तेही मी सोसलं.

माझा खरा संताप आहे तो यांच्या एका खोडीवर. मागितलं की झालं, असं यांना वाटतं. एकदा चॅपलचं छत गळत होतं. सात सोमवार प्रार्थना चालली, आणि शिडी बाहेरच्या भिंतीला टेकून उभी! शेवटी माळीकाकांनी कुणाला न विचारता वर चढून दोन कौलं बदलली. आठव्या सोमवारी देवाचे आभार मानले गेले, ते योग्यच झालं. माळीकाकांना मात्र कुणी साधं 'थँक्यू'ही म्हटलं नाही.

असो. आता मुद्द्याचं सांगते.

आमच्या शाळेत गणिताच्या एक बाई आहेत. मुलं त्यांना काटकोनबाई म्हणतात, कारण त्या उभ्या राहिल्या की जमिनीशी बरोबर नव्वद अंशांचा कोन होतो. शिस्तीला कडक, बोलायला तिखट. त्यांची थोरली बहीण याच शाळेत शिवण शिकवायची. ही ताई अगदी उलटी. गोलमटोल, हसरी, दातांत दोरा धरून बोलणारी. माझ्यासमोर नकाशांची खोली आहे, तिचं दार कधी नीट लागत नाही. त्या खोलीत या दोघी बहिणी एकवीस वर्षं रोज दुपारी डबा खात.

"ताई, मीठ जरा मोजून घालत जा," धाकटी रोज म्हणायची.

"तू मोज. मी खाते," थोरली म्हणायची.

गेल्या वर्षी ताई आजारी पडल्या आणि पंधरा दिवसांत गेल्या. अंत्यविधीनंतर बाई कामावर आल्या, तेव्हा शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांनी त्यांना आपल्यात जेवायला बोलावलं. बाईंनी मान ताठ करून सांगितलं, "मला कुणाची कीव नको. मी ठीक आहे." संपलं! त्या दिवसापासून सगळ्यांनी हे वाक्य दगडावर कोरल्यासारखं पाळलं. कुणी दुसऱ्यांदा विचारलंच नाही. बाईंना एकांत हवा असतो, असं लोक एकमेकांना सांगू लागले, आणि बाई नकाशांच्या खोलीत एकट्या बसून पावाचा अर्धा तुकडा घरी परत नेऊ लागल्या. मला हे रोज दिसायचं. दार लागत नाही ना!

मग एका गुरुवारी, सगळे वर्गात असताना, बाई माझ्यापाशी आल्या. इकडेतिकडे पाहिलं. आलेखाच्या कागदाची चौकोनी घडी फटीत सारली आणि तरातरा निघून गेल्या. चिठ्ठी पोटात पडली की मला वाचता येते. तिच्यात लिहिलं होतं, 'दुपारच्या सुट्टीत माझ्याबरोबर डबा खायला कुणीतरी असावं.' खाली नाव नाही. अक्षरही मुद्दाम वेडंवाकडं काढलेलं. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच. पण मला त्यांचा राग आला नाही. एवढ्या ताठ माणसाला एवढं वाकायला किती जड गेलं असेल!

सोमवारी पाळकसाहेबांनी ती वाचली आणि त्यांचा आवाज भरून आला. "आपल्यातलं एक लहानगं लेकरू एकटं जेवतं आहे," ते म्हणाले. लेकरू! अहो, कागदावर कुठे लिहिलंय लेकरू? पण चारशे गळ्यांनी 'आमेन' म्हटलं, बालवाडीच्या बाईंनी डोळे पुसले, आणि ते बावन्न वर्षांचं लेकरू दुसऱ्या रांगेत गीताचं पुस्तक छातीशी धरून ताठ उभं होतं.

मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, कामाला वाघ. त्यांनी त्याच दिवशी 'सोबत समिती' काढली. नियम झाला, की शाळेत कुणी एकटं जेवायचं नाही. आलेखाचा कागद आठवीत वापरतात, तेव्हा चिठ्ठी आठवीतलीच, हा शोधही त्यांनी लावला. आणि या सगळ्यावर देखरेख कुणाची? मुलं ज्यांना घाबरतात त्यांची. काटकोनबाईंची!

मला हात असते तर मी कपाळावर मारून घेतले असते. रोज दुपारी मैदानात मुलांची कोंडाळी बसत, आणि बाई न उघडलेला डबा काखेत धरून त्यांच्यामधून फेऱ्या घालत. "तू एकटा का? तिकडे सरक. तुम्ही दोघं, तिला जागा द्या." काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय! आधी निदान बाईंना बसून जेवता तरी येत होतं. प्रार्थनेनंतर तेही गेलं.

दुसऱ्या आठवड्यात बाईंनी पुन्हा चिठ्ठी टाकली. 'अजून कुणी आलेलं नाही.' सोमवारी ती वाचली गेली, आणि उपासनेनंतर मोठ्या बाईंनी त्यांना माझ्यापाशीच गाठलं.

"बाई, रागावू नका, पण तुमच्या देखरेखीत कुठेतरी कसूर होतेय. ते मूल अजून एकटंच आहे."

"हो," बाई म्हणाल्या. "कसूर होतेय खरी."

बोला की हो बाई, आता तरी बोला, असं मी आतल्या आत ओरडत होते. पण त्यांनी ओठ घट्ट मिटले. कीव नको ना कुणाची!

तिसऱ्या आठवड्यात बुधवारी तिसरी चिठ्ठी पडली आणि माझं लाकूड गार पडलं. 'आता कुणी नको. शुक्रवारी मी राजीनामा देते आहे. इतकी वर्षं सांभाळून घेतलंत, आभार.' अक्षर या वेळी लपवलेलं नव्हतं. चिठ्ठी वाचली जाणार सोमवारी, आणि बाई जाणार शुक्रवारी! मला उघडायचं तर किल्ली पाळकसाहेबांच्या खिशात. दोन दिवस मी ती चिठ्ठी पोटात घेऊन बसले होते, आणि येणारे-जाणारे माझ्यावर छत्र्या ठेवत होते.

गुरुवारी बाईंनी मैदानाची फेरी सोडली आणि सरळ नकाशांच्या खोलीत शिरल्या. आत नकाशांच्या गुंडाळ्यांमागे आठवीतली एक मुलगी बसली होती, मांडीवर पुस्तक, हातात पाव. ती पुस्तकांचा इतका फडशा पाडते, की मुलं तिला वाळवी म्हणतात. मी लाकडाची असल्यामुळे हे नाव मला मुळीच आवडत नाही, पण मुलगी गुणाची आहे.

"इथे काय चाललंय?" बाईंनी दरडावलं.

"जेवतेय, बाई."

"एकटी?"

मुलीचा बांधच फुटला. "हो, एकटी! मला आवडतं एकटीनं जेवायला. तीन आठवडे रोज सहा-सहा जणी मला घेरून बसतात आणि 'बोल ना, बोल ना' करतात. एक पान वाचू देत नाहीत. ती चिठ्ठी मी नाही लिहिली हो! आठवीतल्या कुणीच नाही लिहिली. आम्ही एकमेकींना खोदून खोदून विचारलंय."

बाई जराशा चाचरल्या. "तरी नियम म्हणजे नियम. एकटं जेवायचं नाही."

"मग तुम्ही बसा ना इथे. म्हणजे मी एकटी नाही. तुम्हीही अजून जेवलेल्या दिसत नाही."

"जेवताना फार बडबड केलेली मला चालत नाही."

"देवच पावला," वाळवी म्हणाली आणि तिनं पुस्तकात डोकं घातलं.

बाई बसल्या. एका बाकाच्या दोन टोकांना दोघी, मध्ये डबे. मधेच मुलीनं पुस्तकावरची नजर न काढता आपलं अर्धं उकडलेलं अंडं बाईंच्या डब्याच्या झाकणात ठेवलं. बाईंनी ते खाल्लं. पाव खाल्ला, बटाटा खाल्ला, डबा पुसून काढला. घंटा झाल्यावर मुलगी म्हणाली, "उद्या येणार ना बाई? नाहीतर समिती मला धरून नेईल."

बाईंनी डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाल्या, "बघते."

शुक्रवारी दुपारच्या सुट्टीची घंटा झाली आणि बाई माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या. हातात कंपासपेटीतलं कर्कटक. ते फटीत घालून त्या आपली चिठ्ठी टोचून वर काढायला लागल्या. माझ्या पोटात गुदगुल्या, आणि चिठ्ठी काही हाती लागेना! एवढ्यात पाळकसाहेब चॅपलमधून बाहेर आले.

"बाई? हे काय करताय?"

दुसरं कुणी असतं तर खोडरबर पडलं म्हणून वेळ मारून नेली असती. बाईंनी कर्कटक बाजूला ठेवलं. "माझी चिठ्ठी काढतेय. सोमवारी वाचायची नाही ती." मग त्या म्हणाल्या, "तिन्ही माझ्याच होत्या. लेकरू वगैरे कुणी नव्हतं, पाळकसाहेब. ताई गेल्यापासून घास उतरत नाही माझा."

पाळकसाहेब म्हणाले, "तीन आठवडे मी रोज गुडघे टेकून मागतोय, की ते मूल मला दाखव."

"त्यानं दाखवलंही असेल. तुम्ही लहान मुलांतच शोधत होतात. आणि मीही कमी नाही. विचारायला आलेल्यांना मीच हाकलून दिलं."

पाळकसाहेबांनी किल्ली लावून मला उघडलं आणि चिठ्ठी न वाचता बाईंच्या हातात दिली. बाईंनी ती फाडली. मग पर्समधला लांबडा लिफाफा काढून तोही फाडला. पाळकसाहेबांचे डोळे भरले होते. सवयीनं त्यांनी हात जोडले, डोळे मिटले आणि "आपण प्रार्थना करू या," असं म्हणायला सुरुवात केली.

"प्रार्थना नंतर," काटकोनबाई म्हणाल्या. "आधी तुमचा डबा घेऊन या."

ते धावतच गेले हो! मी साठ वर्षांत कुठल्या पाळकसाहेबांना असं धावताना पाहिलं नव्हतं. नकाशांच्या खोलीत बाक थोडा पुढे ओढला गेला. "आता तिघं?" वाळवीचा वैतागलेला आवाज आला. "बोलणार असाल तर मी खिडकीपाशी बसते." आणि मग बाई हसल्या. वर्षभरात पहिल्यांदा हसल्या.

मित्रांनो, मला चिठ्ठ्या टाकत जा. त्यासाठीच मी आहे, आणि ऐकणारा ऐकतो यावर माझाही विश्वास आहे. फक्त मला छत्र्यांचा स्टँड करू नका आणि शनिवारी जमलं तर थोडं पॉलिश करा. पण त्याहून मोठं मागणं आहे ते ऐका. एखाद्यानं एकदा 'नको' म्हटलं, म्हणून त्याचं दार कायमचं सोडून देऊ नका. दुसऱ्या दिवशी पुन्हा जा, तिसऱ्या दिवशीही जा. कोण एकटं जेवतंय ते मला इथून स्पष्ट दिसतं, पण मी पडले पेटी, मला जागचं हलता येत नाही. तुम्हांला पाय दिलेत ना देवानं? मग उठा की!